मानकऱ्यांचे भाकीत

नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्याने निघालेला प्रवासी ओझरची विमानांची वसाहत मागे टाकून पाराशरी नदीच्या काठी वसलेल्या पिंपळगाव बसवंतास पोहोचतो, तेव्हा तो निफाड तालुक्यातील अशा एका गावात आलेला असतो, की जेथे भाकीत करणे हा विद्वानांचा छंद नसून रोजच्या पोटापाण्याचा व्यवहार आहे. उन्हाळ कांदा चाळीत ठेवावा की आजच ट्रॅक्टरवर घालावा, द्राक्षाचा बाग दारी आलेल्या व्यापाऱ्यास देऊन टाकावा की आणखी आठवडाभर गोडी धरू द्यावी, या प्रश्नांची उत्तरे चुकली तर वर्षाचा हिशेब चुकतो; आणि म्हणूनच येथील माणूस अंदाज बांधताना चार वेळा मागेपुढे पाहतो. मात्र हाच सावध गृहस्थ जेवणखाण आटोपून दूरचित्रवाणी संचासमोर बसला आणि यंदाच्या सर्वोत्कृष्ट नायिकेचा विषय निघाला, की सारी सावधगिरी उंबरठ्याबाहेर ठेवून ‘तिलाच मिळणार, लिहून घ्या’ असे छातीठोकपणे सांगून मोकळा होतो. प्रस्तुत प्रकरणाचा विषय हा छातीठोकपणा आहे: त्यात आधार किती, आवेश किती, आणि आधाराचा भाग वाढवावयाचा असेल तर कोणत्या दप्तरात डोकावले पाहिजे.

नाटकाचे वेड या गावास परके नव्हे. ‘नटसम्राट’चे कर्ते वि. वा. शिरवाडकर यांचे प्राथमिक शिक्षण याच पिंपळगावात झाले. परंतु पडद्यावरील नाटकाचा प्रवेश येथे पुष्कळ उशिरा झाला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि पुढली पंचवीसएक वर्षे मराठी मालिकांमध्ये मानाची अहमहमिका लागण्याचा प्रश्नच फारसा उद्भवला नाही, कारण यजमान एकच होता. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी आली, तिचीच २००५ साली झी मराठी झाली. २००० साली ई टीव्ही मराठी अवतरली, तिचे २०१५ मध्ये कलर्स मराठी असे नामांतर झाले. २००८ च्या नोव्हेंबरात स्टार प्रवाह आणि २०१८ च्या ऑगस्टात सोनी मराठी यांची भर पडली. यजमान वाढले तसे मानपानही वाढले. झी मराठीचा ‘उत्सव नात्यांचा’ हा सोहळा दिवाळीच्या आगेमागे, म्हणजे पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटांची रीघ लागलेली असताना येतो. २०२१ पासून सुरू झालेला स्टार प्रवाहचा ‘परिवार पुरस्कार’ साधारणतः द्राक्षाच्या तोडणीचा हंगाम भरात असताना किंवा सरत आलेला असताना.

या सोहळ्यांविषयी एक गोष्ट सर्वांना ठाऊक असते आणि भाकीत करताना नेमकी तिचाच विसर पडतो. प्रत्येक वाहिनी आपल्याच मालिकांना गौरविते. ‘आई कुठे काय करते’ मधील अरुंधती महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली होती, तेव्हाही तिची झी मराठीच्या कोणत्याही नायिकेशी एका यादीत गाठ पडली नाही आणि पडण्याचा संभवही नव्हता. मराठीतील सर्वोत्कृष्ट नायिका कोण, हा प्रश्न या दोन्ही मांडवांत विचारलाच जात नाही. विचारला जातो तो ‘आमच्या घरातील’ कोण, हा. जो भाकीतकार पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधीत बसतो, त्याची विद्वत्ता कितीही सखोल असो, तो चुकीच्या परीक्षेचा अभ्यास करीत असतो.

परीक्षा कोणती हे ओळखण्याची विद्या पिंपळगावच्या मोंढ्यात रोज सकाळी पाहावयास मिळते. कांद्याने भरलेल्या ट्रॉल्यांची ओळ लागलेली असते. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबतो. त्यातील एकजण ढिगात कोपरापर्यंत हात घालून वरचा नव्हे तर तळाकडचा कांदा बाहेर काढतो, त्याची मान आवळून पाहतो, पत्ती एकेरी की दुहेरी ते अंगठ्याने घासून पाहतो, गोल्टी किती मिसळली आहे याचा डोळ्यांनी अदमास घेतो, आणि एवढे सगळे होईतो बोली सुरूही झालेली असते. या गृहस्थास स्वतःला कोणता कांदा खावयास आवडतो, याचा त्या बोलीशी कवडीचाही संबंध नसतो. तीन दिवसांनी दूरच्या एखाद्या शहरातील आडत्याला तो कसा वाटेल, आणि त्या आडत्याच्या गिऱ्हाइकाला कसा वाटेल असे त्या आडत्याला वाटेल, याचा तो विचार करतो. केन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मुख्य ग्रंथात वृत्तपत्रांतील एका स्पर्धेचा दाखला देऊन हेच तत्त्व विशद केले आहे. शंभर छायाचित्रांतून सहा सुंदर चेहरे निवडावयाचे, आणि बक्षीस मिळावयाचे ते ज्याची निवड सर्व स्पर्धकांच्या सरासरी पसंतीशी जुळेल त्याला. अशा स्पर्धेत स्वतःला आवडलेला चेहरा निवडणारा हरतो. इतरांना आवडेल तो निवडणाराही पुरता शहाणा ठरत नाही, कारण इतरही हाच विचार करीत असतात. पुरस्काराचे भाकीत करणाऱ्याने केन्सच्या या उताऱ्यापासून आरंभ करावा. आपल्याला काय आवडले ते बाजूस ठेवून निर्णय कोणाच्या हाती आहे, आणि त्या हातांना काय हवे आहे, एवढेच पाहावे.

निर्णय समव्यावसायिकांच्या हाती असला, तर सवयीचा जोर फार असतो. अमेरिकेतील एमी पुरस्कारांचा पहिला सोहळा २५ जानेवारी १९४९ रोजी झाला. आज तेथे वीस हजारांहून अधिक सभासद मतदान करतात, आणि ते सारे लेखक, नट, दिग्दर्शक, छायालेखक असे त्याच धंद्यातील लोक असतात. वर्षभरात निघणाऱ्या शेकडो मालिका त्यांनी पाहाव्यात ही अपेक्षाच अवास्तव. म्हणून गतवर्षी ज्याला मत दिले त्यालाच यंदा देण्याकडे कल राहतो. ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ने १९८१ ते १९८४, ‘द वेस्ट विंग’ने २००० ते २००३ आणि ‘मॅड मेन’ने २००८ ते २०११ असा सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा मान सलग चार-चार वर्षे राखला. म्हणजे ज्याला काहीच ठाऊक नाही त्याने ‘गेल्या वर्षीचाच’ असे डोळे मिटून लिहिले असते तरी या काळात त्याची पत्रिका बऱ्यापैकी जुळली असती. सवयीची दुसरी बाजू अधिक निष्ठुर आहे. ‘बेटर कॉल सॉल’ या मालिकेस ५३ नामांकने मिळाली आणि पुरस्कार एकही नाही. अँजेला लॅन्सबरी या थोर अभिनेत्रीचे नाव १८ वेळा यादीत आले आणि अठराही वेळा ती रिक्तहस्ते परतली. नामांकन आणि विजय यांमधील अंतर पुष्कळदा गुणांचे नसते, रूढ झालेल्या शिरस्त्याचे असते.

छोट्या परीक्षक मंडळाचा मामला याहून निराळा. पाचदहा माणसे एका खोलीत बसून निर्णय करतात, तेव्हा त्यांच्यातील एकाचा आग्रह सगळे पारडे फिरवू शकतो, आणि बाहेरच्याला त्याची चाहूलही लागत नाही. ‘दिल्ली क्राइम’ या मालिकेस २०२० साली आंतरराष्ट्रीय एमीचा सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा मान मिळाला; भारतीय मालिकेस तो प्रथमच लाभत असल्यामुळे मागील दाखला असा कोणापाशीच नव्हता. असल्या ठिकाणी भाकीतकाराने मौन पाळावे हे उत्तम.

मराठी सोहळ्यांचे खरे सख्खे भावंड अमेरिकेत नाही, ते दक्षिण कोरियात आहे. तेथील केबीएस, एमबीसी आणि एसबीएस या तिन्ही मोठ्या वाहिन्या वर्षाच्या अगदी अखेरीस आपापल्या मालिकांसाठी आपापला सोहळा भरवितात, आणि ‘देसांग’ नावाचा सर्वोच्च मान आपल्याच घरातील कोणाला तरी देतात. घरचेच कार्य असल्यामुळे कोणाला दुखवावयाचे नसते; मग एकच मान दोघांत वाटला जातो. २०१६ साली केबीएसने तो साँग जूंग-की आणि साँग हे-क्यो या नायक-नायिकेस मिळून दिला. उलट एमबीसीने २०१४ साली हा सर्वोच्च निर्णय प्रेक्षकांच्या मतांवर सोपवला, तेव्हा प्रेक्षकांनी काय करावे? ‘जांग बो-री’च्या कथेतील सोशिक नायिकेस वगळून त्यांनी ली यु-री हिला, म्हणजे त्या नायिकेचा छळ करणाऱ्या खलनायिकेस निवडले. आपल्याकडील सासवांना याचे नवल वाटू नये. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ मधील शनायाला शिव्या घालणारे घर तिचा प्रवेश कधी चुकवीत नसे.

आता आपल्या मांडवाकडे वळू. येथे नायक, नायिका, मालिका यांखेरीज जोडी, कुटुंब, सासू, सासरे, सून, भावंडे, आई, बाबा, खलनायिका, बालकलाकार, विनोदी व्यक्तिरेखा, शीर्षकगीत असे मानांचे लांबलचक दप्तर असते. सर्वोत्कृष्ट सासऱ्याचा गौरव करणारे दुसरे कोणते पीठ पृथ्वीवर असेल असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही, आणि त्याबद्दल त्याची काही तक्रारही नाही. मान इतके का, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. समजा, वाहिनीवर १२ मालिका चालू आहेत आणि मान ३० आहेत. प्रत्येक मान निव्वळ चिठ्ठी टाकून दिला, सर्व मालिकांना सारखीच संधी ठेवली, तर ठरावीक एका मालिकेस एकही मान न मिळण्याची शक्यता शंभरात सुमारे सात येते. आणि बाराही मालिकांपैकी एकही रिकाम्या हाताने परत न जाण्याची शक्यता शंभरात साधारण छत्तीस. म्हणजे चिठ्ठ्यांचाच कारभार असता, तर तीन वर्षांपैकी दोन वर्षे कोणी ना कोणी उपाशी राहिले असते. सलग चार वर्षे कोणीच उपाशी राहिले नाही असे घडण्याची शक्यता तर शंभरात दोनही भरत नाही. प्रत्यक्षात मालिकांची लोकप्रियता सारखी नसते, दोनतीन मालिका बाकीच्यांना झाकोळून टाकतात, त्यामुळे प्रेक्षकांच्या खऱ्याखुऱ्या मतमोजणीत उपाशी राहणाऱ्यांची संख्या याहूनही वाढावयास हवी.

वाचकाने आपल्या आवडत्या वाहिनीच्या मागील काही वर्षांच्या विजेत्यांची यादी काढून हा ताळा स्वतः करून पाहावा. पंगतीत कोणाचेच पान कोरे राहिलेले दिसले नाही, तर तेथे कौलाइतकाच वाढप्याचाही हात आहे असे समजण्यास हरकत नाही. यात कपट शोधण्याचे कारण नाही. या मालिका सोमवार ते शनिवार, क्वचित रविवारीही, वर्षानुवर्षे चालवावयाच्या असतात. मांडवात बसलेला प्रत्येक तंत्रज्ञ आणि नट दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रीकरणावर हजर हवा असतो. अशा वेळी वाटणी हाच शहाणपणाचा कारभार. भाकीतकाराने मात्र त्यातून आपला धडा घ्यावा: एकाच मालिकेस नायक, नायिका, जोडी, कुटुंब आणि सर्वोत्कृष्ट मालिका असे सगळे देऊन टाकणारी पत्रिका बहुधा फसते. वजनदार मालिकेच्या वाट्याला वजनदार दोनतीन मान टाकावेत, आणि उतरत्या मालिकांसाठी सासरे, भावंडे, शीर्षकगीत ही खाती राखून ठेवावीत.

काळाचे गणितही ध्यानात घेण्याजोगे आहे. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ च्या ऑगस्टात सुरू झाली, ‘तुला पाहते रे’ २०१८ च्या ऑगस्टात, ‘माझी तुझी रेशीमगाठ’ २०२१ च्या ऑगस्टात, आणि ‘वीण दोघांतली ही तुटेना’ २०२५ च्या ऑगस्टात. या चारही झी मराठीच्या मालिका. श्रावण-भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत जाहिरातदारांच्या थैल्या सैल असतात, हे याचे मुख्य कारण असावे, पुरस्कार हे नव्हे; पण परिणाम असा होतो, की मतदानाची वेळ येते तेव्हा ही नवी मंडळी दोन महिन्यांची, ताजी आणि निष्कलंक असतात. तीन वर्षे चाललेल्या मालिकेत एव्हाना दोनदा लीप आलेला असतो, नायिकेची स्मृती एकदा जाऊन परत आलेली असते, आणि प्रेक्षक तिला सवयीने पाहत असला तरी उत्साहाने मत देत नाही. अमेरिकेत सवय जिंकते, येथे नवलाई. कारण तेथे मत देणारा धंद्यातला असतो आणि येथे घरातला. शिवाय वाहिनीलाही पुढील वर्षभर जी मालिका चालवावयाची आहे तिच्याच कपाळी टिळा लावणे सोयीचे.

‘टीआरपी पाहा की, त्यात सगळे आले,’ असे पुष्कळजण म्हणतात. हा सल्ला अर्धा खरा आहे. दूरचित्रवाणीची प्रेक्षकसंख्या मोजण्याचे काम बार्क ही संस्था २०१५ पासून करीत आली आहे. देशभरातील हजारो निवडक घरांत तिची यंत्रे बसविलेली असतात, प्रक्षेपणाच्या आवाजात मिसळलेली आणि कानाला ऐकू न येणारी खूण ते यंत्र टिपते, घरातील प्रत्येकाने पाहावयास बसताना आपल्या नावाची कळ दाबावयाची असते, आणि शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरून त्याचे आकडे पुढल्या गुरुवारी बाहेर पडतात. ही घरे कोणती ते गुप्त राखले जाते, आणि ती निवडताना शहर-खेडे, शिक्षण, घरातील वस्तू यांचे प्रमाण सांभाळले जाते. मतदानाचे तसे नाही. तेथे ज्याला हौस आहे तो मत देतो, आणि ज्याला फार हौस आहे तो घरातील सगळ्यांच्या मोबाइलवरून देतो. या दोहोंतील फरकाचा गाजलेला दाखला केन्सच्या ग्रंथाच्याच वर्षी, १९३६ साली घडला. ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवून, त्यांतील जवळपास चोवीस लाख परत आलेल्या मोजून, अध्यक्षपदी लँडन निवडून येणार असे जाहीर केले. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान पण प्रमाणशीर नमुन्यावरून रूझवेल्टचे भाकीत केले, आणि रूझवेल्ट प्रचंड मतांनी आले. डायजेस्टच्या यादीत मोटार आणि दूरध्वनी बाळगणारे सधन लोक अधिक होते, आणि परत पत्र पाठविण्याची तसदी घेणारे त्यांतही विशेष त्वेषाचे.

पुरस्काराच्या भाकितात हा धडा उलटा लावावयाचा असतो, आणि गंमत तेथेच आहे. राष्ट्राध्यक्ष निवडताना खरा निकाल सर्वांच्या मतांचा होता, म्हणून गॅलप जिंकला. येथे निकालच मुळी डायजेस्टच्या पद्धतीने लागतो. ‘ठरलं तर मग’ सारखी मालिका आठवड्यामागून आठवडे आकड्यांत अग्रभागी राहते, ती स्वयंपाक उरकता उरकता पाहणाऱ्या लाखो घरांच्या बळावर. त्यांतील बहुतेकांनी आयुष्यात कोणत्याही मालिकेस मत दिलेले नसते. मत देतो तो जोडीचा भक्त. म्हणून ‘सर्वोत्कृष्ट मालिका’ वर्तवावयाची असेल तर गुरुवारचे आकडे पाहावेत, आणि ‘सर्वोत्कृष्ट जोडी’ वर्तवावयाची असेल तर शाळा-कॉलेजातील मुलींच्या मोबाइलवर कोणाची छायाचित्रे आहेत ते पाहावे.

आपल्या मुलुखाचा अभिमान हा भाकिताचा मोठा शत्रू. मृणाल दुसानीस नाशिकची, अनिता दाते नाशिकची. त्यामुळे ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ऐन भरात असताना निफाड-पिंपळगावकडील पत्रिकांत अनिताच्या राधिकेच्या नावापुढे काट मारण्याची कोणाची छाती झाली नसती. अभिमान बाळगावा, परंतु वहीत दोन रकाने आखावेत: एकात ‘कोणाला मिळावे’ आणि दुसऱ्यात ‘कोणाला मिळेल’. दोन्ही रकान्यांत ओळीने तीच नावे आली, तर दुसरा रकाना खोडून पुन्हा भरावा.

राहिला प्रश्न भाकिताची पारख करण्याचा. अमेरिकेच्या हवामान खात्यातील ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली पावसाच्या अंदाजांसाठी एक सोपी रीत सुचविली, ती येथे जशीच्या तशी लागू पडते. ‘अमकीला मिळेल’ एवढेच न म्हणता किती खात्रीने म्हणता ते आकड्यात लिहावे. निकाल लागल्यावर, मिळाले तर १ आणि न मिळाले तर ० धरून, आपल्या आकड्याशी असलेला फरक काढावा आणि त्याचा वर्ग करावा. जितका गुण कमी तितके भाकीत चांगले. आता दोन गृहस्थ घ्या. दोघांनीही दहा मानांची भाकिते केली आणि दोघांचीही सात बरोबर आली. पहिला प्रत्येक वेळी ‘शंभर टक्के’ म्हणाला होता. त्याची सात भाकिते ० गुणांची, तीन १ गुणाची, सरासरी ०.३०. दुसरा प्रत्येक वेळी ‘सत्तर टक्के’ म्हणाला होता. त्याला बरोबर भाकितास ०.०९ आणि चुकलेल्यास ०.४९ पडून सरासरी ०.२१ आली. एखाद्या तिसऱ्याने दहाही ठिकाणी ‘मिळेल किंवा न मिळेल, निम्मेनिम्म’ असे लिहिले असते तरी त्याला ०.२५ पडले असते, आणि सातांबाबत खरा ठरूनही छातीठोक गृहस्थ त्याच्याहीमागे राहिला असता. मात्र यादीत पाच नावे असतील, तर काहीच ठाऊक नसणाऱ्याचा प्रामाणिक आकडा निम्मा नव्हे, वीस टक्के. तेथून आरंभ करून वर सांगितलेल्या एकेका कारणासाठी तो चढवीत किंवा उतरवीत न्यावा.

पत्रिका केव्हा मोहोरबंद करावी, हा तपशील किरकोळ वाटतो पण तो सांगितलाच पाहिजे. हे सोहळे आधी चित्रित होतात आणि काही दिवसांनी, बहुधा रविवारी संध्याकाळी, दाखविले जातात. मधल्या दिवसांत मानचिन्ह हाती धरलेल्या नटनट्यांची छायाचित्रे त्यांच्याच हातून फोनोफोनी पसरतात, आणि रविवारी ‘मी सांगितलेच होते’ म्हणणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढते. तेव्हा वही प्रक्षेपणाच्या नव्हे, तर चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी बंद करून घरातील वडीलधाऱ्यांपैकी जे मालिका पाहत नाहीत त्यांच्या हवाली करावी. आणि ज्याचा भाचा गोरेगावच्या चित्रनगरीत दिवे लावण्याच्या कामावर आहे, त्याची वही मुळात तपासावयास घेऊच नये.